पामला खालून लागणारा अंगठ्यांचा छोटा कीबोर्ड: जोडण्यापासून मराठी लिहिण्यापर्यंत

२००२ साली मी न्यू जर्सीत एडिसनला राहायचे आणि रोज ट्रेनने न्यूयॉर्कला पेन स्टेशनपर्यंत जायचे. तेव्हा हातात पाम एम५०५, म्हणजे तळहातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, आणि त्याच्या बुडाला अडकवलेला पत्त्यांच्या कॅटएवढा कीबोर्ड असायचा. तो सेट माझ्याकडे अजून आहे आणि चालतो. आता भाच्याला जुन्या पामचा नाद लागलाय, त्याने कुठूनतरी एम५०० आणि कीबोर्ड दोन्ही मिळवलं आणि मला विचारलं, मावशी हे जोडायचं कसं, चालू का होत नाहीये. त्याला फोनवर तासभर सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, अजून कुणाच्या कपाटात असा जोड पडला असेल तर उपयोग होईल.

आधी थोडं मागचं, म्हणजे ही वस्तू कशासाठी आहे ते कळेल. पायलट, म्हणजे पहिला पाम, १९९६ मध्ये आला आणि त्यात लिहायचं ते ग्राफिटीने. ग्राफिटी म्हणजे प्रत्येक अक्षर स्टायलसने, म्हणजे पामच्या पेनसारख्या काडीने, एकाच फटक्यात, ठरलेल्या आकारात काढायचं. जेफ हॉकिन्सची ही कल्पना खरंच चांगली होती, नंबर नि नावं लिहायला झकास, पण अर्धं पान लिहायचं म्हटलं की मनगट भरून यायचं. मग १९९९ मध्ये ब्लॅकबेरी ८५० आला आणि दोन अंगठ्यांनी टाईप करणं किती सोपं आहे ते लोकांना दिसलं. पामवाल्यांना घडीचा कीबोर्ड मिळायचा, त्यावर दहाही बोटं चालायची, पण त्याला टेबल लागतं, ट्रेनमध्ये मांडीवर तो काही स्थिर राहत नाही. ही मधली गरज क्लिप-ऑन कीबोर्डने भागवली. टेबल नको, दोन्ही हातांत धरायचं, उभ्याउभ्या लिहायचं. त्यामुळे आधीच सांगते, याच्यावर कादंबरी लिहायला जाऊ नका, पाच-दहा ओळींचा मजकूर, यादी, पत्ता, कुणी बोलत असताना टिपून घ्यायचं, हे याचं काम, आणि ते तो फार छान करतो.

तुमच्या पामला बसतो का ते आधी बघा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पाम उलटा करून बुडाचा कनेक्टर बघा. मार्च २००१ मध्ये एम५०० आणि एम५०५ आले त्यांच्यापासून पामने युनिव्हर्सल कनेक्टर दिला, तोच पुढे एम१२५, एम१३०, एम५१५, आय७०५ आणि टंगस्टन टी, टी२, टी३, सी, डब्ल्यू यांना होता. पामचा स्वतःचा मिनी कीबोर्ड याच कनेक्टरला लागतो. त्याआधीच्या पाम थ्री किंवा पाम फाइव्हचे कनेक्टर वेगळे, त्यांना त्यांचेच कीबोर्ड लागतात, हा त्याला लावून बघू असं करू नका, खाच मोडेल. आणि साधा झायर किंवा टंगस्टन ई असेल तर त्यांना खाली फक्त मिनी-यूएसबीचं भोक आहे, तिथे हा कीबोर्ड बसतच नाही.

अजून एक गोष्ट, कनेक्टर जुळला म्हणजे काम झालं असं नाही. पाम ओएस म्हणजे पामची ऑपरेटिंग सिस्टीम, एम मालिकेत ती ४ आहे आणि टंगस्टन टीपासून पुढे (डब्ल्यू सोडून, त्यात ४ च आहे) पाम ओएस ५, प्रोसेसरसुद्धा बदलला, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे पामला कीबोर्डची ओळख करून देणारा प्रोग्राम, त्या-त्या ओएसला चालणारा हवा. शक्य असेल तर एम मालिकेचा पाम घ्या, कटकट कमी. नवीन शोधत असाल तर माझं मत एम१२५ ला, कारण त्यात दोन साधे ट्रिपल ए सेल पडतात. एम५०० च्या घरातले सगळे आतल्या चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालतात आणि वीस वर्षांपेक्षा जुनी ती बॅटरी आता दमलेली असणार, ती बदलायची म्हणजे पाम उघडावा लागतो.

जुना कीबोर्ड विकत घेताना फोटो नीट मागवा: पिनांचा जवळून, दोन्ही बाजूंच्या हुकांचा, आणि सगळ्या कीज दिसतील असा वरून. मला एकदा एका विक्रेत्याने हूक तुटलेला पाठवला होता, फोटोत ती बाजू नेमकी सावलीत होती. हूक तुटला की कीबोर्ड लोंबतो, दर तीन अक्षरांनी संपर्क तुटतो आणि त्याला चिकटपट्टी वगैरे काही उपाय नाही.

साफसफाई

वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडलेल्या कीबोर्डच्या पिनांवर काळपट थर बसतो, आणि चालत नाही म्हणून टाकून दिलेल्या कीबोर्डांपैकी बऱ्याच ठिकाणी दोष एवढाच असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवून, निथळवून, पिनांवरून आणि पामच्या बुडाच्या सोनेरी पट्ट्यांवरून हळू फिरवायची, काडी काळी झाली की दुसरी घ्यायची. पॉलिश पेपर, ब्लेड, टाचणी काही लावू नका, वरचा मुलामा एकदा गेला की गंज कायमचा. मग पंधरा मिनिटं वाळू द्यायचं.

कीज चिकट झाल्या असतील तर त्याच अल्कोहोलने पुसा, फार भिजवू नका, कडेने आत उतरलं तर खालच्या रबराच्या घुमट्या खराब होतात. नंतर प्रत्येक की दाबून बघा, बोटाला बारीक टक् लागलं पाहिजे. स्पेस, बॅकस्पेस आणि ई जास्त झिजलेल्या असतात, त्या दोनदा बघा.

ड्रायव्हर टाकणं

कीबोर्ड नुसता अडकवून चालत नाही, पामला त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम लागतो, ज्याच्या नावाच्या शेवटी पीआरसी असतं. आधी पामचा बॅकअप घ्या, हे वाचून पुढे जाऊ नका, खरंच घ्या. मग कॉम्प्युटरवरच्या पाम डेस्कटॉप प्रोग्रामच्या इन्स्टॉल टूलमध्ये ती फाईल टाकायची आणि क्रेडलचं, म्हणजे पाम ठेवायच्या स्टँडचं, हॉटसिंकचं बटण दाबायचं, त्याने पाम आणि कॉम्प्युटरमधला मजकूर जुळतो, त्यालाच सिंक म्हणतात. कॉम्प्युटर कुठला हा प्रश्न येतो. ६४-बिट विंडोजवर पामचा मूळ यूएसबी ड्रायव्हर चालत नाही, म्हणून मी त्यासाठी एक जुना ३२-बिटचा लॅपटॉप सांभाळून ठेवलाय. लिनक्स वापरत असाल तर जे-पायलट नावाचा प्रोग्राम आहे, त्याने सिंक होतं. आणि कुणाकडे आधीच चालणारा पाम असेल तर दोन्ही पाम समोरासमोर धरून इन्फ्रारेडने ती फाईल बीम करता येते, भाच्याचं काम आम्ही असंच केलं, दोन मिनिटांत.

टाकल्यावर पामच्या मुख्य स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र दिसेल, ते उघडून ड्रायव्हर चालू करायचा. त्याआधी एक बघा, पूर्वीच्या मालकाने घडीच्या कीबोर्डचा ड्रायव्हर ठेवलाय का? असेल तर काढून टाका. दोन ड्रायव्हर एकाच वेळी चालू असले की दोघं एकाच पोर्टवर हक्क सांगतात आणि मग एक अक्षर दोनदा येतं, किंवा काहीच येत नाही, किंवा पाम अडकून बसतो.

अडकलाच तर घाबरू नका, पण कुठला रिसेट करायचा ते नीट समजून घ्या, इथे चूक झाली तर सगळा डेटा जातो. मागच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबली की सॉफ्ट रिसेट, डेटा शाबूत. ड्रायव्हरमुळे पाम पुनःपुन्हा अडकत असेल तर स्क्रोलचं वरचं बटण दाबून धरून तेच भोक दाबायचं, याला वॉर्म रिसेट म्हणतात, यात पाम बाहेरून टाकलेले ड्रायव्हर न उचलता सुरू होतो, मग आत जाऊन गडबड करणारा ड्रायव्हर डिलीट करायचा आणि परत साधा रिसेट मारायचा. पॉवरचं बटण धरून मात्र भोक दाबू नका, तो हार्ड रिसेट, तो सगळं पुसतो. स्क्रीनवर विचारतो तो आधी, पण घाईत लोक हो म्हणतात.

जोडायचा कसा, धरायचा कसा

पाम बंद करा. कीबोर्ड डाव्या हातात, पाम उजव्या हातात, दोन्ही सपाट, आणि सरळ रेषेत सरकवा. तिरका घालून मग सरळ करायचा नाही, हूक असेच तुटतात. दोन्हीकडून टक् आवाज आला की बसला. काढताना कीज धरून ओढू नका, कीबोर्डच्या बाजूच्या कडा धरा आणि सरळ खाली ओढा, काही मेकला बाजूला दाबायची बटणं असतात, ती असतील तर आधी ती दाबा.

आता धरणं. कीबोर्ड खाली लागल्यावर सगळा जोड लांबुळका होतो आणि वजन वरच्या बाजूला, म्हणजे पामच्या स्क्रीनकडे जातं. नुसता कीबोर्ड धरलात तर पाम मागे कलंडायला बघतो आणि तो सावरायला अंगठे ताठ होतात, दहा मिनिटांत दुखायला लागतात. म्हणून दोन्ही तर्जन्या पामच्या पाठीमागे, जवळजवळ मध्यावर टेकवा, मधली बोटं जोडाच्या सांध्याखाली, करंगळ्या कीबोर्डच्या खालच्या कडेला. अंगठे मोकळे राहिले पाहिजेत. कोपर अंगाला टेकवा. ट्रेनमध्ये मी पर्स मांडीवर उभी ठेवून तिच्यावर मनगटं टेकवायचे, त्याने फार फरक पडायचा.

की दाबताना अंगठ्याचा फुगीर भाग वापरलात तर शेजारची की पण दाबली जाते. अंगठा थोडा वाकवून टोकाजवळचा भाग, नखाच्या किंचित मागचा, तिथून दाबायचं. नखं वाढवलेली असतील तर जमत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय. डावा अंगठा टी, जी, बी पर्यंत, उजवा वाय, एच, एन पासून पुढे, ही हद्द पहिल्या दिवसापासून पाळा. स्पेस कुठल्याही अंगठ्याने, जो मोकळा असेल त्याने. पहिले तीन-चार दिवस ग्राफिटीपेक्षा हळू जाईल, ते होतंच. रोज दहा मिनिटं, तोंडपाठ असलेलं काहीतरी टाईप करा, म्हणजे शब्द आठवण्यात डोकं जात नाही. मी मनाचे श्लोक टाईप करायचे. आठवड्यात स्क्रीनकडे बघून लिहायला लागाल.

कॅपिटलसाठी शिफ्ट दाबून धरायची गरज बहुतेक मेकमध्ये नसते, शिफ्ट दाबा, सोडा, मग अक्षर. आकडे आणि चिन्हं फंक्शन की दाबून येतात, ती कीजवर वेगळ्या रंगात छापलेली असतात. सगळी पाठ करत बसू नका, पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, डॅश आणि आकडे एवढं आधी हातात बसवा.

शॉर्टकटचं मात्र आवर्जून सांगते कारण लोक ते वापरतच नाहीत. पामच्या प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकट्स आहे, तिथे दोन-तीन अक्षरांचं नाव देऊन ४५ अक्षरांपर्यंतचा मजकूर साठवता येतो. घरचा पत्ता, ऑफिसचं नाव, नेहमीची सही. वापरताना ग्राफिटीच्या जागेत शॉर्टकटची गाठीसारखी खूण स्टायलसने काढायची आणि मग ते नाव लिहायचं. डीटीएस नावाचा तयार शॉर्टकट आजची तारीख आणि वेळ दोन्ही टाकतो, माझ्या प्रत्येक टिपणाची सुरुवात त्यानेच व्हायची. म्हणजे कीबोर्ड लावला म्हणून स्टायलस आत घालून ठेवायची नाही, ती उजव्या हाताच्या अनामिका आणि करंगळीत धरून ठेवा, सवय होते.

मराठी कसं लिहायचं

पाम ओएसमध्ये देवनागरी नाही. पण मला या कीबोर्डचं खरं प्रेम मराठीमुळेच बसलं. आई रविवारी पुण्याहून फोनवर पदार्थ सांगायची, भाजणीचं प्रमाण, गोड्या मसाल्यात काय किती, आणि फोन खांदा-कानात दाबून दोन्ही हातांनी लिहायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. सुरुवातीला मी मनाला येईल तसं इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आणि महिन्याने वाचताना कळेना की हे तीळ आहे का तिळ, डाळ आहे का दाल. मग मी आयट्रान्सचे नियम धरले. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेलं रोमन अक्षर असतं, त्यामुळे पामवर लिहिलेला मजकूर नंतर कॉम्प्युटरवर कन्व्हर्टरमधून काढला की सरळ देवनागरीत येतो.

अडचण एकच, आयट्रान्समध्ये छोटी लिपी आणि कॅपिटल यांनी अक्षर बदलतं. छोटा टी म्हणजे त, कॅपिटल टी म्हणजे ट. तसंच द-ड, न-ण. अंगठ्याच्या कीबोर्डवर प्रत्येक कॅपिटल म्हणजे एक की जास्त, आणि मराठीत ट, ड, ण, ळ पावलोपावली. म्हणून जिथे पळवाट आहे तिथे ती घ्यायची. आ साठी कॅपिटल ए नको, दोन ए मारा. ई साठी दोन आय, ऊ साठी दोन यू. एकच की दोनदा दाबणं शिफ्टपेक्षा नेहमी पटकन होतं, अंगठा हलतच नाही. ळ साठी कॅपिटल एलऐवजी एल-डी चालतं. ज्ञ साठी डी-एन-वाय, जसं आपण बोलतो तसंच. छ साठी सी-एच-एच. क्ष साठी नुसता एक्स. ट-ठ-ड-ढ-ण ला मात्र शिफ्ट पाहिजेच, त्याला इलाज नाही. दुसऱ्या, पुऱ्या यातल्या ऱ्या साठी कॅपिटल आर आणि वाय.

एल-डीची एक गंमत लक्षात ठेवा, जिल्द लिहायला गेलात तर कन्व्हर्टर त्याचं जिळ करतो. असे शब्द थोडे आहेत, नंतर हाताने दुरुस्त करा. बॅटरी, ऑफिस असल्या शब्दांमधले ॲ-ऑ पण मी नंतर कॉम्प्युटरवरच नीट करते, पामवर त्यात वेळ घालवत नाही. शेवटचा अ विसरू नका, घर लिहिताना र नंतर ए हवाच, नाहीतर र चा पाय मोडतो. ही सवय लागायला वेळ लागतो कारण आपण एरवी मेसेजमध्ये तो ए खातोच.

आणि आपोआप येणारं कॅपिटल. पाम नवीन मेमोचं पहिलं अक्षर, काही वेळा पूर्णविरामानंतरचंही, स्वतःच कॅपिटल करतो. इंग्रजीत बरं, पण मराठीत तिळाचं टिळ होतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर करा. नसेल तर मी पहिल्या ओळीत इंग्रजी शीर्षक लिहिते, मेमोच्या यादीत तीच ओळ दिसते त्यामुळे ते सोयीचंही पडतं, आणि वाक्य पूर्णविरामाने संपवण्याऐवजी नवीन ओळ घेते किंवा डॅश टाकते. पदार्थांना तसंही प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीवरच बरा.

पाम ओएस ४ मध्ये एका मेमोत साधारण ४००० अक्षरं मावतात. आयट्रान्समध्ये एका देवनागरी अक्षराला दोन-तीन रोमन अक्षरं जातात, त्यामुळे तो मेमो वाटतो त्याआधी भरतो. दिवाळीचा फराळ एकात बसला नाही मला, शीर्षकाला १, २, ३ लावून तीन मेमो केले.

बॅटरी, सिंक आणि ठेवणं

बहुतेक असे कीबोर्ड पामच्याच बॅटरीवर चालतात, आणि ड्रायव्हर चालू असला की पोर्ट जागं राहतं. लिहून झालं की ड्रायव्हर बंद करून कीबोर्ड काढून ठेवा. दुसरं कारण असं, की काही ड्रायव्हर चालू असताना हॉटसिंक किंवा बीमिंग होत नाही, पोर्ट दुसरा प्रोग्राम वापरतोय असा मेसेज येतो आणि माणूस क्रेडल, केबल सगळं तपासत बसतो. सिंक अडलं की पहिल्यांदा ड्रायव्हर बंद करून बघा. ऑटो-ऑफ तीन मिनिटांवर ठेवा, विचार करेपर्यंत स्क्रीन बंद होत असेल तर लिहिण्याची लय जाते.

या पामांमध्ये सगळं रॅममध्ये असतं, बॅटरी पूर्ण संपली की मेमो, पत्ते, ड्रायव्हर सगळं गेलं. २००३ मध्ये मी महिनाभर पुण्याला आले आणि पाम एडिसनच्या घरी ड्रॉवरमध्ये राहिला, परत गेल्यावर तो कोरा. निघायच्या आधी सिंक केलं नव्हतं, आईने जाण्याआधीच्या दोन महिन्यांत सांगितलेलं सगळं गेलं. तेव्हापासून दर रविवारी फोन ठेवला की लगेच सिंक, त्यात खंड नाही. एम१२५ वाल्यांनी सेल बदलताना नवे सेल आधी हातात काढून ठेवायचे आणि मिनिटाच्या आत घालायचे, तेवढाच वेळ आतला मजकूर टिकतो. एसडी कार्डवर बॅकअप घेणारं ॲप टाकलंत तर फारच उत्तम, फक्त कार्ड जुन्या पद्धतीचं साधं एसडी घ्या, एसडीएचसी या मॉडेलना चालत नाही.

कीबोर्ड ठेवताना त्याच्या पिनांवर टोपण असेल तर लावा, नसेल तर मऊ कापडात गुंडाळून डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या हवेत पिना लवकर काळ्या पडतात. पामच्या वर दाबून ठेवू नका, कीजचे ठसे स्क्रीनवर उमटतात. महिन्यातून एकदा पाम चार्ज करा, कीबोर्ड लावा आणि एक मेमो लिहा. माझ्याकडे त्यासाठी ठरलेला मेमो आहे, आईच्या भाजणीचा, जोंधळे, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, आणि दर महिन्याला त्याखाली डीटीएसने एक तारीख वाढते.